वापरलेल्या साबणाच्या वडीवरचा आळ

१/ घरातल्या पाच जणांचे हात लागलेली साबणाची वडी स्वच्छ राहते का? तिच्यावर जंतू असतात, हे निर्विवाद. परंतु ते पुढच्या माणसाच्या हातांवर जातात का, हा प्रश्न वेगळा आहे; आणि वडीचा न्याय त्यावरच व्हायला हवा.

२/ १९६५ मध्ये अमेरिकेत बॅनन आणि जज या संशोधकांनी वड्यांवर मुद्दाम जंतूंचा प्रचंड साठा चढवला. त्याच वड्यांनी इतरांनी हात धुतल्यावर ते जंतू त्यांच्या हातांवर आढळले नाहीत.

३/ १९८८ मध्ये हाइन्झ आणि याकोविच यांनी वापरातल्या वडीवर असतात त्यांच्या सुमारे ७० पट जंतू वड्यांना लावले. १६ जणांनी त्यांनी हात धुतले. एकाच्याही हातावर ते जंतू उतरले नाहीत.

४/ कारण साधे आहे. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलकट मळाला धरते, दुसरे पाण्याला. त्यामुळे मळासह जंतू सुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. वडीवरचे जंतूही त्याच वाटेने जातात.

५/ तरीही वडी मागे पडली. १९८० मध्ये अमेरिकेतील मिनेटोंका कंपनीने पंपाच्या बाटलीतला द्रवसाबण देशभर विकायला काढला. साबणदाणीतला बुळबुळीत लगदा टळला, ही सोय खरीच. पण सोय म्हणजे शुद्धता नव्हे.

६/ २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील एका शाळेतली, पुन्हापुन्हा भरली जाणारी द्रवसाबणाची सर्व १४ पात्रे दूषित आढळली. तिथे धुतल्यावर हातांवरचे काही जंतू उलट वाढले होते.

७/ १९८८ आणि २०११ या दोन्ही अभ्यासांत स्वच्छतेची उत्पादने विकणाऱ्या कंपन्यांचे संशोधक होते, हे ध्यानात ठेवावेच. मात्र अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००२ मध्ये रुग्णसेवेसाठी दिलेल्या सूचनांतही वडी त्याज्य ठरवली नाही. अट एवढीच घातली, की वड्या लहान असाव्यात आणि पाणी निथळेल अशा जागी ठेवाव्यात.

८/ निवाडा असा, की वडी निर्जंतुक नसते, पण निरोगी घरात ती निरुपद्रवी असते. दोष असलाच तर तो पाणी साचलेल्या साबणदाणीचा. भोकांची साबणदाणी पुरेशी आहे. भीतीपोटी प्लास्टिकच्या बाटल्यांची रांग लावण्याचे कारण नाही.