बंद पंपाखालची टाकी

एखादा पेट्रोल पंप बंद पडला की त्याची यंत्रे काढून नेतात, छप्पर उतरवतात, आणि काही दिवसांनी त्या जागी दुकान किंवा इमारत उभी राहते. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटते, पंप गेला! वस्तुतः पंपाचा मोठा भाग जमिनीखाली असतो. हजारो लिटर इंधन मावेल अशा टाक्या आणि त्यांना जोडलेले नळ तेथे पुरलेले असतात. माझे मत असे की, चालू टाकीपेक्षा ही बंद टाकी अधिक धोक्याची. ती पुरून ठेवू नये. उकरून बाहेर काढावी, आणि तिच्याखालच्या मातीत काय सापडले याची नोंद त्या जमिनीच्या कागदावर कायमची राहावी.

बंद टाकीचा धोका अधिक का, ते पाहू. चालू पंपावर टाकीत डिप रॉड सोडून इंधनाची उंची मोजतात आणि विक्रीशी ताळा करतात. मोठी गळती असेल तर हिशेबात तूट येते. बंद टाकीचा हिशेब कोण ठेवणार? ती पूर्ण रिकामी असते असेही नाही. इंधन ओढणारा नळ तळापासून थोडा वर असतो, त्यामुळे तळाशी पाणी आणि इंधन उरतेच. पोलादाला आतून ते पाणी खाते, बाहेरून ओली माती खाते. गंजणे ही विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. मातीच्या ज्या भागात प्राणवायू कमी पोचतो, त्या भागाला टेकलेले पोलाद धनाग्र बनते आणि झिजू लागते. म्हणून टाकी सगळीकडून सारखी पातळ होत नाही, तिला टाचणीएवढी भोके पडतात. गंमत अशी की, पुष्कळदा डिप रॉडच जुन्या टाकीच्या मुळावर येतो. तो वर्षानुवर्षे तळाच्या एकाच जागी आपटतो आणि तेथील पत्रा झिजतो. यासाठीच त्या जागी आता जाड पट्टी बसवतात.

भोक लहान आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. सेकंदाला एक थेंब गळतो असे धरा. एका थेंबाचे आकारमान ०.०५ मिलिलिटर घेतले, तर दिवसाला सव्वाचार लिटरांहून अधिक आणि वर्षाला सुमारे १,५७५ लिटर इंधन मातीत जाते. पेट्रोल पाण्याहून हलके असल्यामुळे भूजलाच्या पातळीवर तरंगते, पण त्यातील बेंझिनसारखे घटक पाण्यात विरघळतात. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. पेट्रोलमध्ये एक टक्का बेंझिन धरले, तर एका लिटरात ते पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास भरते. एवढे बेंझिन साडेसतरा लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरेसे आहे. भागाकार स्वतः करून पाहा.

हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेने अनुभवला. तेथे मोटारी लवकर वाढल्या, पंप गल्लोगल्ली झाले आणि साध्या पोलादी टाक्या पुरल्या गेल्या. १९८४ साली तेथील संसदेने या टाक्यांविषयी कायदा केला. १९८८ साली नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारायला, बदलायला किंवा रीतसर बंद करायला २२ डिसेंबर १९९८ ही अखेरची तारीख ठरली. तेव्हापासून साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली आहे. बहुतेकांची सफाई झाली, तरी हजारो अजून बाकी आहेत. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका शहराला १९९६ साली आपल्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचे जवळजवळ निम्मे पाणी त्यांतून येत असे. आसपासच्या टाक्यांतून आणि इंधनवाहिन्यांतून एमटीबीई नावाचे द्रव्य त्यांत उतरले होते. हवा स्वच्छ राहावी म्हणून पेट्रोलमध्ये घातलेले द्रव्य पाणी बिघडवून बसले!

या अनुभवातून जागेच्या तपासणीची एक पद्धत तेथे रूढ झाली. तिच्या पहिल्या टप्प्यात कुदळ लागत नाही, लागतात ते जुने कागद. सॅनबॉर्न नावाच्या कंपनीने एकोणिसाव्या शतकापासून आगीच्या विम्यासाठी अमेरिकन शहरांचे तपशीलवार नकाशे काढले. पेट्रोलची टाकी म्हणजे आगीचे भय, म्हणून त्या नकाशांत टाक्याही दाखवलेल्या असतात. विमा कंपनीच्या सोयीसाठी झालेली नोंद आज भूजल वाचवायला उपयोगी पडते आहे. जुनी विमानातून काढलेली छायाचित्रे, व्यापाऱ्यांच्या याद्या, शेजाऱ्यांच्या आठवणी हेही पाहतात. संशय आला, तरच दुसऱ्या टप्प्यात भोके पाडून माती आणि पाणी तपासतात.

टाकी काढणे हे नुसते उकरण्याचे काम नव्हे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा स्फोटक असू शकते, कारण पेट्रोलची वाफ हवेत सुमारे दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने भडका उडतो. म्हणून आधी उरलेले इंधन उपसतात आणि टाकीत घन कार्बन डायऑक्साइडचे, म्हणजे कोरड्या बर्फाचे, तुकडे टाकतात. त्याचा वायू प्राणवायूला हुसकावून लावतो. मग यारीने टाकी उचलतात आणि तिच्या दोन्ही टोकांखालची व नळांखालची माती तपासणीला पाठवतात. पाणी वर असेल तर आर्किमिडीजची आठवण ठेवावी लागते. वीस हजार लिटरांची बंद, रिकामी टाकी पूर्ण बुडाली तर वीस टन पाणी बाजूला सारते, आणि तिचे स्वतःचे वजन त्याहून पुष्कळ कमी असते. पुरात अशा टाक्या जमीन फोडून वर आलेल्या आहेत.

टाकी साफ करून तिच्यात वाळू भरावी आणि ती तेथेच ठेवावी, असाही एक मार्ग आहे. वर इमारतीचा पाया असेल तर दुसरा इलाजही नसतो, हे मला मान्य आहे. परंतु जेथे मैदान मोकळे आहे तेथे केवळ खर्च वाचवण्यासाठी वाळू भरणे मला पटत नाही. टाकीचा तळ बाहेरून पाहायला मिळतो तो ती उचलल्यावरच. कोणी म्हणेल, मातीतले जिवाणू बेंझिन खाऊन टाकतात. खातात, हे खरे. प्राणवायू पुरेसा असला तर गळतीचा डाग काही अंतरावर आपोआप थांबतोही. पण तो थांबला की नाही, हे तपासल्यावाचून कसे कळावे?

आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा. या खडकात पाणी भेगांतून वाहते, आणि भेग कोणत्या दिशेला नेईल याचा अंदाज वाळूच्या प्रदेशाइतका सोपा नसतो. गळती एकीकडे आणि वासाचे पाणी भलत्याच विहिरीला, असे येथे होऊ शकते. भारत सरकारने २०२५ साली दूषित जागांविषयी स्वतंत्र नियम केले, ही चांगली गोष्ट झाली. पण दूषित जागा ओळखायला आधी ती पूर्वी कशासाठी वापरली होती, हे ठाऊक हवे.

शेतजमिनीच्या बाबतीत आपल्याकडे ही सोय फार जुनी आहे. सातबाऱ्यातला बारा नंबरचा नमुना कोणत्या वर्षी कोणते पीक होते ते सांगतो. शहरातल्या मिळकत पत्रिकेवर मालकाचे नाव आणि क्षेत्रफळ असते. खाली पुरलेल्या टाकीसाठी रकाना नाही. तो असावा. टाकी कधी पुरली, कधी काढली, माती कोणी तपासली, एवढ्या तीन ओळी पुरतील. यामुळे जमिनीचा भाव उतरेल अशी तक्रार येईल. उतरू द्यावा. आज ती किंमत पुढच्या रहिवाशाच्या विहिरीतून वसूल होते, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.