उतरता येते त्यानेच चढावे

दिवाळीत पत्ते खेळू नयेत असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे, आणि त्या दिवशी शिवपार्वती सारीपाट खेळली अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. फराळाची ताटे बाजूला सारून घरची चार माणसे रुपया-दोन रुपयांवर तीन पत्ती मांडतात आणि घरातल्या आजीबाई सगळ्यांना गुंडाळून ठेवतात, त्यावर नाक मुरडणाऱ्याने दिवाळी अंकच वाचू नये. माझे भांडण डावाशी नाही. भांडण आहे ते ‘आता डाव वाढवू या’ ह्या वाक्याशी, आणि ते ज्या फुशारकीने उच्चारले जाते तिच्याशी.

गेल्या काही वर्षांत हे वाक्य आमच्या काष्टीच्या पारावरही ऐकू येऊ लागले. निमित्त झाले मोबाईलवरच्या पोकरचे. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांनी तीन पत्तीचा थोरला भाऊ समजावा: दोन पाने आपल्या हातात झाकलेली, पाच पाने सगळ्यांची म्हणून मध्ये उघडी, आणि प्रत्येक फेरीला बोली. ह्या खेळाला पायऱ्या असतात. सर्वांत खालच्या टेबलांवर शंभर-दोनशे रुपये घेऊन बसता येते; त्यावर पाचशेचे टेबल, मग हजाराचे, मग पाच हजारांचे, आणि पुढे तर आमच्याकडे एकरभर जमीन येईल इतक्या रकमेचे. खेळणाऱ्या पोरांच्या तोंडी प्रश्न एकच: वरच्या पायरीवर कधी जायचे?

कोणी म्हणेल, आता हा प्रश्नच उरला नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि देशातल्या मोठ्या कंपन्यांनी आपली पैशांची टेबले आवरली. कायद्याने कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेदही ठेवला नाही. ठीक झाले. पण दुकान बंद झाले म्हणून भूक मेली असे होत नाही. परदेशातून चालणाऱ्या आडवाटा आहेत. आणि आडवाट नको असेल त्याच्यासाठी शेअरबाजारातला फ्युचर-ऑप्शनचा राजमार्ग खुला आहे. त्या राजमार्गावर 2021-22 ते 2023-24 ह्या तीन वर्षांत शंभरातल्या 93 व्यक्तींनी पैसे घालवले असे सेबीनेच सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केले. तेव्हा प्रश्न जिवंत आहे, आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

बंदीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. बुद्धीने चलाख, दोन एकर ऊस, दावणीला तीन गाई. म्हणाला, “गुरुजी, दोनशेच्या टेबलावर बसत होतो. चार हजार घेऊन सुरुवात केली, आज पाच हजार आठशे झालेत. आता पाचशेच्या टेबलावर जाऊ ना?”

मी त्याला तीन प्रश्न विचारले. किती डाव खेळलास? म्हणाला, दहा हजार. रोज रात्री दोन तास, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. हे पैसे घरखर्चापासून वेगळे आहेत का? म्हणाला, आहेत. मग तिसरा प्रश्न: वरच्या टेबलावर किती गमावल्यावर परत खाली येशील? तो हसला. “खाली? खाली कशाला येईन, गुरुजी?”

माझे गणित मॅट्रिकपुरतेच. पण ह्या हिशोबाला तेवढे पुरते. टेबलावर बसताना जी रक्कम घ्यायची तिला आपण ‘बैठक’ म्हणू. जाणत्या खेळाडूंचा नियम असा की ज्या टेबलावर बसायचे त्याच्या निदान वीस-तीस बैठका गाठीला असाव्यात; सावध माणूस पन्नास धरतो. ह्या मुलाकडे पाचशेच्या हिशोबाने बारासुद्धा भरत नव्हत्या. पण त्याहून मोठी मौज पुढे आहे. ह्या खेळात पानांचा चढउतार इतका जबर असतो की दहा हजार डावांनंतरसुद्धा निव्वळ दैवाने आठ-नऊ बैठका इकडच्या तिकडे होतात. म्हणजे काय? नाल धरून ज्याचा ना नफा ना तोटा, अशा सहा सामान्य खेळाडूंपैकी एक जण दहा हजार डावांनंतर नऊ बैठका किंवा त्याहून अधिक फायद्यात दिसेल. दोनशेच्या टेबलावर नऊ बैठका म्हणजे अठराशे रुपये. ह्या मुलाचा फायदा नेमका तेवढाच होता! आणखी पुढे जा: जो खेळाडू मुळात किंचित कच्चा आहे, दहा हजार डावांत सरासरीने तीन बैठका घालवणारा आहे, त्याच्यासारख्या शंभरांपैकी तिसाहून अधिक जण तेवढ्याच डावांनंतर चक्क फायद्यात असतात. दिवाळी ते संक्रांत रोज जागून त्यांना कळते एवढेच, की आपण हुशार आहोत. आणि ते वर चढतात.

ह्या ठिकाणी कौशल्यवादी मंडळी पुढे सरसावतील. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये म्हटले, आणि त्या एका शब्दावर जाहिरातदारांनी पुढे केवढी पिके काढली! पोकरबाबत न्यायालयांचेही एकमत नव्हते. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये तो जुगारच ठरवला. मी मात्र मान्य करतो की पोकरमध्ये कौशल्य आहे, भरपूर आहे. हेही मान्य करतो की वर जाण्याला एक खरे कारण असते: खालच्या टेबलांवर कंपनी प्रत्येक डावातून जी नाल काढते ती तुलनेने जड पडते, वर ती हलकी होते. पण वर बसलेली माणसे कच्ची नसतात. जत्रेत रेवड्यांवरची कुस्ती मारली म्हणून कोणी शहाणा वस्ताद आपल्या पोराला त्याच संध्याकाळी शेवटच्या इनामी कुस्तीत उतरवत नाही. कौशल्य आहे म्हणूनच ते मोजायला हवे; आणि मोजायला वेळ लागतो. ‘माझा हात चालतोय’ ही मोजणी नव्हे, तो ताप आहे.

दुसऱ्या बाजूचे नीतिवादीही मला तितकेच निरुपयोगी वाटतात. ‘जुगार वाईट, धर्मराज बघा’ एवढे बोलून ते उठतात. धर्मराज जरूर बघा. पण नीट बघा. तो पटावर बसला हे त्याच्या नाशाचे अर्धेच कारण. तो प्रत्येक हरलेल्या डावानंतर पण वाढवत गेला. रत्ने गेली म्हणून सोने, सोने गेले म्हणून रथ, हत्ती, राज्य. मग नकुल-सहदेव, अर्जुन-भीम, स्वतः, आणि शेवटी द्रौपदी. एकदाही तो खालच्या पणाकडे वळला नाही. त्याच महाभारतात नळाची कथा आहे. तोही राज्य हरला. पण पुष्कराने दमयंतीला पणाला लावायला सांगितले तेव्हा तो एका वस्त्रानिशी उठला आणि चालू लागला. पुढे ऋतुपर्ण राजाने झाडाची पाने आणि फळे एका दृष्टीत मोजून दाखवली, ती विद्या नळाने घेतली, आणि मगच तो पुन्हा पटासमोर बसला. आपल्या पूर्वजांनी द्यूताच्या विद्येचे मर्म मोजण्यात ठेवले, आणि आपण मुलांना चक्रवाढ व्याज शिकवतो, पण दैवाचा चढउतार मोजायला शिकवत नाही. मग तो त्यांना जाहिरातदार शिकवतो.

परदेशातही हेच दिसते. क्रिस फर्ग्युसन नावाच्या अमेरिकन खेळाडूने 2006 मध्ये शून्यातून सुरुवात करून 2007 मध्ये दहा हजार डॉलर करून दाखवले. त्याचा नियम: एका टेबलावर आपल्या एकूण पैशाच्या शेकडा पाचांहून जास्त घेऊन बसायचे नाही, पैसे घटले की खालचे टेबल. जगज्जेतेपद मिळवलेला हा माणूस मुकाट्याने नाण्यांच्या टेबलांवर बसत राहिला. उलट व्हिक्टर ब्लोम हा स्वीडनचा एकोणीस वर्षांचा पोरगा: 2009 मध्ये थोड्या आठवड्यांत लाखो डॉलर जिंकला, जगातल्या सर्वांत मोठ्या टेबलांवर कोणालाही नाही म्हणेना, आणि डिसेंबरात एका दिवसात चाळीस लाख डॉलरांहून अधिक हरला. त्याच्या अंगी कौशल्य नव्हते असे कोण म्हणेल? आणि फर्ग्युसनची गोष्टही इथे संपत नाही. तो ज्या कंपनीचा भागीदार होता तिच्याकडे लोकांनी ठेवलेले पैसे जागेवर नाहीत असे 2011 मध्ये उघड झाले. खेळाडूने एक एक बैठक जपावी आणि तिजोरीच पोकळ निघावी! आडवाटेने परदेशी टेबलांवर जाणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

ही अक्कल शिकायला खरे तर परदेशी जाण्याचे कारण नाही. काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार पाहा. रुमालाखाली बोटे दाबून सौदा करणारा मुरलेला हेडी कधी दावणभर बैल उभे करतो, तर कधी मंदीत एकाच गोऱ्ह्याचा दावा हातात धरून दिवसभर उन्हात उभा राहतो. त्याला त्यात लाज वाटत नाही. म्हणूनच तो वर्षानुवर्षे बाजारात टिकतो. बुडतो तो दुसरा: गेल्या शनिवारी दहा बैल होते, आज एक घेऊन कसा उभा राहू, म्हणून उसने काढून दहा उभे करणारा.

आमचे खरे दुखणे इथेच आहे, आणि ते मोबाईलच्या आधीचे आहे. एक लग्न थाटात केले की दुसरे साधेपणाने करता येत नाही. एक वर्ष कांद्याला भाव आला की ट्रॅक्टर दारात येतो, आणि पुढच्या वर्षी भाव पडला तरी तो दारातून जाऊ द्यायचा नाही, हप्त्यांसाठी दुसरे कर्ज. आमच्या गावांत पायऱ्या फक्त वर जाणाऱ्या बांधलेल्या आहेत. खाली उतरणाऱ्याला आम्ही ‘बसला’ म्हणतो. पोरांना पोकरने हे शिकवले नाही. पोकरने फक्त आम्ही शिकवलेल्या धड्याची परीक्षा दर रात्री घेतली.

त्या मुलाचे पुढे काय झाले? पाचशेच्या टेबलावर चार बैठका गेल्या. नियम म्हणत होता, परत दोनशेवर ये. तो हजाराच्या टेबलावर गेला, लवकर भरून काढायला. मग उसनवारी झाली. आणि एका शनिवारी दावणीची एक दुभती गाय बाजाराची वाट चालली. घरात तिच्या दुधावर काय काय अवलंबून होते ते वाचकांना सांगायला नको.

तेव्हा डाव केव्हा वाढवावा, ह्याचे माझे उत्तर सरळ आहे. गाठीला तीस बैठका असतील, त्या घराच्या पैशाला स्पर्श न करता जमलेल्या असतील, हिशोबाची वही हजारो डावांची असेल, आणि तिच्या पहिल्याच पानावर, वर चढण्याआधी, ‘इतके गेले की खाली’ हा आकडा स्वतःच्या अक्षरात लिहिलेला असेल, तर आणि तरच. ह्या अटी प्रामाणिकपणे पाळू पाहणाऱ्या बहुतेकांना उत्तर ‘नको’ असेच मिळेल. मिळू द्या; गणिताचा तो दोष नव्हे.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. ह्या पाडव्याला पट मांडाल, पत्ते वाटाल, तेव्हा पोरांना जिंकायला शिकवण्याची घाई करू नका. एखादा दोन रुपयांवरून पुन्हा एक रुपयावर आला तर त्याला हसू नका. शाबासकी द्या. ती त्याला पुढे कुठल्या टेबलावर उपयोगी पडेल ते आज आपल्याला दिसत नाही.