आखाजीचे बी आणि खापरावरची पोळी

वैशाख शुद्ध तृतीया जवळ आली की वृत्तपत्रांची पाने सुवर्णालंकारांच्या जाहिरातींनी भरून जातात. गुंजभर का होईना, सोने आज घरात आलेच पाहिजे, ही समजूत इतकी रूढ झाली आहे की या तिथीचे जुने आचार कोणते हे सांगू गेल्यास नव्या पिढीस नवल वाटावे. उदकुंभाचे दान, पितरांचे स्मरण, चैत्रगौरीचे अखेरचे हळदीकुंकू आणि मृत्तिकेचे पूजन करून आळ्यात घातलेले बी, यांपैकी कशालाही सराफाकडे जावे लागत नाही. यांतील बियाण्याचा आचार लुप्त होऊ देणे कोणत्याही घराच्या हिताचे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा आचार केवळ महाराष्ट्राचा नव्हे. ओडिशातील शेतकरी याच दिवशी भाताचे बी विधिपूर्वक शेतात टाकतो आणि पुरीस जगन्नाथाच्या रथांची घडणही याच दिवशी आरंभ पावते. आपल्या खानदेशात तर आखाजी हा दिवाळीच्या तोलाचा सण. सालदाराचे जुने साल तेथे या दिवशी संपते व नवे सुरू होते. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात आणि चुलीवर खापर पालथे पडते.

या खापरावरच्या पुरणपोळीविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. लाटण्याचे काम तिथे थोडे, हातांचे फार. पुष्कळ मळून लवचिक केलेल्या कणकेत पुरण भरावयाचे, पोळी दोन्ही हातांवर झेलीत झेलीत वाढवावयाची आणि ती कोपरापर्यंत पसरली म्हणजे तापल्या खापरावर अलगद सोडावयाची. जाळ कमी पडला तर कच्ची, चढला तर करपली. सोबत आमरस. अशा वेळी पुष्कळदा वळिवाची सर येते, अंगणातील चूल पडवीत हलते, बाहेरची कामे थांबतात आणि सारे घर धगीभोवती गोळा होते. सर ओसरली की परसातील माती बी घेण्यास सिद्ध असते. वळिवावर शेताची पेरणी मात्र कोणी करू नये. पुढे उघडीप पडली तर उगवलेले करपते व दुबार पेरणीचा प्रसंग येतो; शेताने मान्सूनच्या पुरेशा ओलीची वाट पाहावी. परसातील आळ्याला घागरभर पाणी घालता येते, म्हणून दोडका, कारले, दुधी, पडवळ यांचे बी आखाजीस घालावे.

पूर्वी पोळीचा गहू आणि पेरणीचा गहू एकाच कणगीतून निघे, आणि कोणता दाणा जात्यात जाईल व कोणता राखेत घोळून मडक्यात राहील, हे ठरविण्याचा अधिकार गृहिणीचा असे. घर उपाशी राहिले तरी त्या मडक्याला हात लागत नसे. आज बहुतेक घरांत ते मडके नाही. संकरित वाणांनी उत्पन्न वाढविले, हे नाकारण्यात अर्थ नाही; परंतु संकरिताचे बी दुसऱ्या वर्षी मूळचे गुण राखीत नाही, म्हणून ते दर साली विकत घ्यावे लागते. सरळ, गावठी वाणाचे बी तसे नसते. एकदा घरात आले की ते वर्षानुवर्षे पुरते. अक्षय्य या शब्दाला याहून शोभेसे दुसरे काय आहे? सोने तिजोरीत होते तेवढेच राहते. भोपळ्याच्या एका बीपासून शेकडो बिया होतात.

हे काम आजही होऊ शकते, हे अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी दाखविले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी देशी वाणांचे बी जतन केले, शेजारणींत वाटले आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कायदाही आड येत नाही. 2001 च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा, पेरण्याचा व एकमेकांत देण्याघेण्याचा अधिकार मान्य केला आहे.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात आपण भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरतो, तेही बीजच. त्याच्या जोडीला यंदा घरच्या बियांची एक पुडी दिली तर? प्लास्टिकच्या डब्या देण्यापेक्षा ते निश्चितच बरे. पुडीवर वाणाचे नाव व साल लिहावे. दहा बिया ओल्या फडक्यात बांधून उगवण पाहून घ्यावी. सात-आठ उगवल्या तर बी चांगले. कारल्याचे कवच कठीण, ते रात्रभर पाण्यात ठेवावे. आणि वेलावरचे एक निरोगी, जोमदार फळ दोरा बांधून राखून ठेवावे, कोणी भाजीसाठी मागितले तरी तोडू नये.