तांबेऱ्याच्या वाटेवरील गहू आणि जनुकांचा नकाशा

रांझीची ओळख परिसरातील संरक्षण साहित्याच्या कारखान्यांमुळे आहे. मात्र त्याच जबलपूर शहरात अधारताल येथे १९६४ पासून जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय कार्यरत आहे आणि २०११ मध्ये स्थापन झालेल्या बोरलॉग दक्षिण आशिया संस्थेचे एक प्रक्षेत्रही जबलपूरला आहे. गव्हातील रोगप्रतिकारक जनुके नेमकी कोणत्या गुणसूत्रावर आहेत, याचा शोध या भागासाठी केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय नाही.

काळ्या तांबेऱ्याची बुरशी मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात टिकत नाही. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत ती तग धरते व हिवाळ्यात तिचे बीजाणू वाऱ्याबरोबर उत्तरेकडे सरकतात. के. सी. मेहता यांच्या संशोधनाने या अभ्यासाचा पाया घातला. या वाटेत महाराष्ट्र आणि मध्य भारत आधी लागतात. १९४६-४७ च्या हंगामात काळ्या तांबेऱ्याने याच पट्ट्यातील गव्हाची मोठी हानी केली होती. नर्मदेच्या खोऱ्यात कोणते वाण पेरले जाते, यावर त्यामुळे उत्तरेकडील पिकाची सुरक्षितताही काही अंशी अवलंबून राहते.

जनुकांचे स्थान शोधण्याची पद्धत तत्त्वतः सोपी आहे. प्रतिकारक व रोगाला बळी पडणाऱ्या वाणांचा संकर करून त्यांच्या शेकडो वंशजांवर रोग सोडला जातो. निरोगी राहिलेल्या झाडांत डीएनएतील कोणती खूण सातत्याने आढळते, हे तपासले की जनुकाचा ठाव लागतो. पूर्वी पैदासकार हे काम डोळ्यांनीच करीत. एसआर २ हे जनुक असलेल्या गव्हाच्या ओंबीवरील तुसे अनेकदा काळसर पडतात, तीच त्यांची खूण होती.

अडचण येते ती एकाच जनुकावर भिस्त ठेवल्याने. राय या धान्यातून आलेल्या एसआर ३१ या जनुकाने काळ्या तांबेऱ्याला अनेक वर्षे रोखले होते. १९९८ मध्ये युगांडात त्यावर मात करणारा प्रकार आढळला. तो यूजी ९९ या नावाने ओळखला जातो. भारतात त्याची नोंद झालेली नसली, तरी पीबीडब्ल्यू ३४३ सारख्या गाजलेल्या भारतीय वाणात हेच जनुक होते, ही बाब चिंता वाढविणारी ठरली. त्यावर उपाय म्हणजे एका वाणात दोन-तीन जनुके एकत्र आणणे. पण एक प्रभावी जनुक असलेले झाड जितके निरोगी दिसते, तितकेच तीन जनुके असलेलेही दिसते! त्यांतील फरक डीएनएतील खुणांवरूनच कळतो. नकाशाचे खरे मोल येथे आहे.

२०१८ मध्ये गव्हाच्या संपूर्ण जनुकसंचाचा संदर्भ आराखडा प्रसिद्ध झाला. त्यातील २ए गुणसूत्राचे काम भारतीय संस्थांकडे होते. काही वाणांमध्ये याच गुणसूत्रावर रानटी गवतातून आणलेला एक तुकडा असतो. २०१६ मध्ये बांगलादेशात पोहोचलेल्या करपा रोगाला तो बऱ्याच अंशी रोखतो.

प्रयोगशाळेने मार्ग दाखविला तरी बियाणे बदलण्याचा वेग हा वेगळाच प्रश्न आहे. गुजरातमध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभी प्रसारित झालेले लोक-१ हे वाण तांबेऱ्याला बळी पडते, हे सर्वज्ञात होते. तरीही टपोऱ्या दाण्यामुळे मध्य भारतातील शेतकऱ्यांनी ते अनेक वर्षे सोडले नाही. नवे वाण पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि पुढे प्रमाणित बियाण्यापर्यंत जाण्यास अनेक हंगाम लागतात, आणि तेवढ्या अवधीत तांबेऱ्याचे प्रकारही बदलत असतात.