काळविटाची हद्द

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें सासर वा माहेर वऱ्हाडांत आहे, त्यांनीं शेतांच्या कडेनें उड्या घेणारे काळविटांचे कळप पाहिले असतील. वाशीम जिल्ह्यांत कारंजा-सोहोळ येथें या प्राण्याकरितां सन २००० मध्यें सुमारें १८ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य झालें. त्याच्या एका संवयीविषयीं आज लिहावयाचें आहे.

काळविटास आपण हरिण म्हणतों. परंतु चितळ-सांबरांचीं शिंगें गळून पुन्हां येतात, तर याचीं पिळदार शिंगें जन्मभर टिकतात. याचा माज विशेषेंकरून वसंतांत व पावसाळ्याच्या उत्तरार्धांत दिसतो. त्या वेळीं बलवान् नर माळरानाचा एक तुकडा आपला म्हणून राखूं लागतो. ठराविक जागीं लेंड्या टाकून तो ढीग करतो आणि डोळ्यांपुढील ग्रंथींचा स्राव काड्याझुडपांस पुसतो. इतर नरांनीं वाचावा असा हा त्याचा सातबाराच! अमेरिकेंतील पांढऱ्या शेपटीचें हरिण फांदीखालची माती खुरांनीं उकरून, तीवर मूत्र सोडून, अशीच खूण ठेवतें.

परंतु ही खूण शिकाऱ्यासही वाचतां येते. एरवीं माणूस दुरून दिसतांच पळणारा नर या दिवसांत त्याच ढिगाकडे फिरफिरून येतो. आडोशास बसणाऱ्यास कौशल्य नको, केवळ धीर पुरे. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत काळवीट आहे. त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षें कैद सांगितली आहे.

कोणी म्हणेल, पूर्वींचे राजे मृगया करीतच होते. आदिपर्वांत पांडूनेंही हाच बचाव केला. मृगरूपानें रममाण असलेल्या किंदम ऋषीस त्यानें विंधिलें होतें. ऋषीचा आक्षेप मृगयेस नव्हता, वेळेस होता. तेवढा क्षण राजानें थांबावयास हवें होतें, एवढेंच त्याचें म्हणणें. भान विसरलेल्या जिवावर बाण टाकणें हें शौर्य नव्हे, असा त्याचा अर्थ आम्ही घेतों.

शेतकऱ्याचें गाऱ्हाणेंही खोटें नाहीं. कोंवळें पीक हे कळप खातात. त्यासाठीं वनखात्याकडे अर्ज करून भरपाई मागतां येते, बंदूक उचलण्याचें कारण नाहीं.

सुटींत त्या बाजूस जाणें झाल्यास मुलांना तो ढीग दुरून दाखवावा आणि पांडूची कथा तेथेंच सांगावी.