सज्जता कुणाच्या हातांनी?

माझे वडील खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. १८६९ सालचा हा कारखाना. गेटवर काडेपेटी काढून घेत म्हणून वडिलांनी विडीच सोडली, हे आई कौतुकाने सांगायची. संध्याकाळी त्यांना यायला उशीर झाला की तिचा जीव खालीवर व्हायचा, हे मात्र ती कुणाला सांगत नसे. पण नोकरी कायम होती, युनियन होती, म्हातारपणी पेन्शन मिळालं.

संरक्षणसज्जता हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. तोफा, रॉकेटं, ड्रोन आपल्याच देशात बनावेत, ऐन वेळी परक्याच्या तोंडाकडे बघायला लागू नये. १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्या झाल्या तेव्हा मी निषेधाच्या मोर्चात होते आणि आजही त्याच मताची आहे. तरी सैन्य आहे तोवर दारूगोळा लागणार, एवढं मला कळतं. माझा प्रश्न साधा आहे. तो भरतं कोण?

१७ डिसेंबर २०२३, रविवार. नागपूरजवळ बाजारगावच्या खाजगी कारखान्यात स्फोट झाला. लष्करालाही माल पुरवणारा हा कारखाना. नऊजण गेले, त्यांत सहा बायका. सहा महिन्यांनी, १३ जून २०२४ ला, त्याच परिसरात धामण्याच्या स्फोटकांच्या कारखान्यात तेच झालं, आणि तिथेही मेलेल्यांत बायकाच जास्त. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आठ कामगार गेले. म्हणजे सरकारी काय आणि खाजगी काय!

बसून करायचं, बारीक, एकसुरी काम बाईला द्यायचं ही रीत विडीपासून फटाक्यांपर्यंत जुनीच. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये बॉम्ब भरणाऱ्या बायकांची कातडी टीएनटीने पिवळी पडायची. लोक त्यांना कॅनरी पक्षी म्हणत. मजुरी अर्थातच पुरुषांपेक्षा कमी.

सीमेवर जवान पडला तर गाव लोटतं, आणि लोटावंच. पॅकिंग करताना बाई मेली तर पाच लाखांची घोषणा होते नि चौकशी समिती बसते. ती देशासाठी मेली असं कुणी म्हणत नाही. तिचा माल तेवढा देशासाठी.

२०२१ साली सरकारने ४१ आयुध निर्माण्या मोडून सात कंपन्या केल्या. कामगार संपाची भाषा बोलू लागले, तेव्हा संरक्षणाचं नाव पुढे करून संपबंदीचा कायदा आणला. संपाने सज्जता धोक्यात येते म्हणे! मग स्फोटाने येत नाही? शेड उडाली की उत्पादनही थांबतंच ना? कायम कामगारांची ही गत, तर ठेकेदाराच्या बाईने तोंड कधी उघडायचं?

आपल्या संघटनांनी हा विषय आजवर ‘युद्ध हवं की नको’ एवढ्यावरच सोडून दिला, ही आपलीही चूक आहे. विदर्भातल्या मैत्रिणींनी निदान एवढं विचारावं: धोकादायक कारखान्यात सुरक्षा समिती असते, तिच्यात पॅकिंगवरची एक तरी बाई आहे का? एका शेडमध्ये एका वेळी किती माणसं बसवायची याची मर्यादा असते, तो आकडा दारावर मराठीत लिहिलाय का? ईएसआयचं कार्ड कुणाकडे आहे, तिच्याकडे की ठेकेदाराकडे? उत्तरं लिहून आणा. पुढच्या अंकात ती छापू.