पिलाची पारख आणि योग्य घर

बैल विकत घेतांना शेतकरी त्याचे दांत, खूर आणि चाल पाहतो. औतास जुंपून पाहिल्यावांचून पैसे मोजीत नाहीं. परंतु दहा-बारा वर्षें दारीं राहावयाच्या कुत्र्याचें पिलूं मात्र रंग पाहून, नर कीं मादी एवढें विचारून, फार तर वीस नख्या मोजून उचललें जातें. पुढें तें कोंबड्या मारूं लागलें किंवा मुलांवर धांवलें म्हणजे त्यास रस्त्यावर सोडण्यांत येतें. वीर, दासगांव यांसारख्या महामार्गाजवळच्या गांवीं तर हें फारच घातक आहे. या अनर्थाचें मूळ पिलांत नसून आपल्या निवडींत आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

अमेरिकेंत अंधांस वाट दाखविणारीं कुत्रीं तयार करतांना क्लॅरेन्स फाफेनबर्गर यांनीं पिलांची लहानपणींच परीक्षा घेण्याची रीत घातली. आज प्रचारांत असलेली कृति साधी आहे. सात आठवड्यांच्या सुमारास एकेक पिलूं अनोळखी जागीं न्यावें व अनोळखी मनुष्यानें तें पाहावें. बोलाविल्यास येतें काय? चालूं लागल्यास मागें येतें काय? हलक्या हातानें उताणें धरल्यास थोडें धडपडून शांत होतें, कीं चावूं पाहतें? थाळी वाजल्यास दचकून पुन्हां हुंगावयास येतें, कीं कोपऱ्यांत दडून राहतें?

धीट व हट्टी पिलूं अनुभवी धन्याच्या वाडीस द्यावें. शांत व लगट करणारें मुलाबाळांच्या घरीं. भित्रें पिलूं वर्दळीच्या दारीं साखळीनें बांधूं नये. भयानेंच कुत्रें पुष्कळदां चावतें. जातीच्या नांवासही भुलूं नये. मुधोळ जातीस २०२० सालीं राष्ट्रीय नोंदणी मिळाली; परंतु तें दौडीचें जनावर आहे, अंगणांतील खुंट्याचें नव्हे.

तथापि ही परीक्षा म्हणजे पिलाची जन्मपत्रिका नव्हे. स्वीडनमध्यें आठ आठवड्यांच्या पिलांच्या परीक्षेवरून मोठेपणींची कामाची योग्यता सांगतां येत नाहीं, असें १९९८ सालीं प्रसिद्ध झालें. व्हिएन्ना येथील २०१४ च्या अभ्यासांतही नवी जागा धुंडाळण्याच्या हौसेखेरीज फारसें कांहीं पुढें टिकलेलें दिसलें नाहीं. मग परीक्षा कशास? देणारा पिलूं नीट पाहतो आणि घेणाऱ्यास आपली गरज बोलून दाखवावी लागते, म्हणून. शिवाय स्कॉट व फुलर यांनीं १९६५ सालीं दाखविल्याप्रमाणें तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या घडणीचा असतो. कोणतें पिलूं कशास भितें हें त्याच वेळीं कळलें, तर प्रेमानें सवय लावून तें सुधारतां येतें.

म्हणून आमची सूचना अशी: आठ आठवडे पुरे होण्यापूर्वीं पिलूं आईपासून तोडूं नये. देणाऱ्यानें गुणाबरोबर खोडही सांगावी. मादीस नाकारूं नये. योग्य वयांत तिची शस्त्रक्रिया करून घ्यावी. तिसऱ्या महिन्यांत रेबीजची लस टोंचून घ्यावी. आणि पिलूं न मानवल्यास तें देणाऱ्याकडे परत यावें, रस्त्यावर जाऊं नये, असा करार देतेवेळींच व्हावा. जनावर दारीं आणणें ही हौस असेल. तें सांभाळणें हें कर्तव्य आहे.